आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

दौलताबादचा घाट म्हणजे काही खंडाळ्याचा घाट नव्हे. किल्ला डावीकडे मागे पडतो, चार-सहा वळणे येतात आणि खुलताबादचे पठार लागते. आमच्या फियाटने हा घाट माझ्या वडिलांच्या काळापासून किती वेळा चढला असेल याची गणती नाही. परंतु गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी, भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालो असताना, याच घाटात तिने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचे, पण गाडी पुढे सरकायची नाही. पाठोपाठ काहीतरी करपल्याचा वास. मागच्या सीटवरून सौभाग्यवतींनी विचारले, "पुन्हा क्लच?" त्या 'पुन्हा' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला होता, त्याला कारण होते. चौदा महिन्यांत दोनदा या गाडीची क्लच प्लेट बदलून झाली होती.

मारुतीरायाला घाटातूनच हात जोडले आणि उतारावरून गाडी हळूहळू माघारी आणली. येताना मनात एकच हिशेब चालू होता. दोनदा प्लेट, एकदा प्रेशर प्लेट, दोन्ही वेळची मजुरी. ज्या गॅरेजात हे काम झाले ते चांगले चकचकीत आहे. तिथे बसायला सोफा आहे, चहा मिळतो, छापील बिल मिळते. फक्त एक गोष्ट तिथे दोन्ही वेळा झाली नव्हती. प्लेट खराब का झाली, हे कोणी पाहिले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, मीही विचारले नव्हते.

शहागंजचे चाचा

सोमवारी गाडी घेऊन शहागंजला गेलो. छत्रपती संभाजीनगरचे नाव औरंगाबाद होते तेव्हाही आणि आजही, शहागंज ते शहागंजच. मधोमध निजामाच्या अमदानीतला घड्याळाचा मनोरा, पलीकडे जुनी मशीद, भोवती फळांच्या गाड्या, कपड्यांची दुकाने आणि रिक्षांची न संपणारी रांग. या गर्दीतून एक गल्ली आत जाते. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक वृद्ध मिस्त्री बसतात. त्यांना सगळे 'चाचा' म्हणतात. वडील गाडी त्यांच्याकडेच नेत. पुढे मी सोफा असलेल्या गॅरेजकडे वळलो. चाचांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यांनी पाना हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारले. नवी प्लेट टाकल्यावर गाडी किती चालली? गाडी थंड असताना क्लच घसरतो की तापल्यावर? आणि रात्रभर उभी राहिल्यावर गाडीखाली तेलाचा थेंब पडतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसऱ्याचे उत्तर मला देता आले नाही, कारण आमच्या पोर्चमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला असतो. तो पुठ्ठा का अंथरला होता, हे तेव्हा आठवले आणि मी गप्प बसलो.

मग परीक्षा झाली. हँडब्रेक पक्का ओढला, चाकांना दगड लावले, इंजिन चालू करून गिअर तिसरा टाकला आणि क्लचवरचा पाय सावकाश सोडला. क्लच धडधाकट असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडते, कारण गाडी हलू शकत नाही आणि इंजिनला फिरता येत नाही. आमचे इंजिन खुशाल फिरत राहिले. म्हणजे क्लच घसरत होता हे नक्की. पण घसरतो, हे तर मला घाटातच कळले होते. का घसरतो, हा प्रश्न होता.

गिअरबॉक्स खाली उतरायला अर्धा दिवस गेला. प्लेट बाहेर आली तेव्हा मी चकित झालो. ती झिजलेली नव्हती! क्लच प्लेट झिजली म्हणजे तिच्या दोन्ही अंगांचे अस्तर पातळ होते आणि ज्या रिव्हिटांनी ते बसवलेले असते त्यांची डोकी वर येतात. इथे रिव्हिटे चांगली खोल होती. पण अस्तर काळे पडून काचेसारखे चमकत होते. चाचांनी प्लेट नाकाजवळ नेली, गुळाची ढेप हुंगावी तशी हुंगली आणि म्हणाले, "साब, कलच कू कायकू बदनाम करते? उनो तो तेल में डूब को मरा. इंजन का तेल नक्को समझो, गेर का है."

इंजिनचे तेल आणि गिअरचे तेल यांच्या वासात फरक असतो. गिअरच्या तेलात गंधकाची संयुगे असतात, त्यामुळे त्याला एक उग्र दर्प येतो. तो ओळखला की गळती क्लचच्या पुढून, म्हणजे इंजिनाकडून नाही, तर मागून, म्हणजे गिअरबॉक्सकडून आहे हे कळते. गिअरबॉक्समधून क्लचकडे येणाऱ्या दांड्यावरचे रबरी ऑइल सील कडक होऊन चिरले होते. तेथून थेंब थेंब तेल प्लेटवर येत होते. सीलची किंमत एका सिनेमाच्या तिकिटाइतकी. त्या सीलपायी मी दोन प्लेटा, एक प्रेशर प्लेट आणि एक मारुतीदर्शन घालवून बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार.

काय बदलायचे, काय नाही

पुढचे काम पाहण्यासारखे होते. सील तर बदललेच. प्लेटही बदलली, कारण तेल प्यायलेले अस्तर कितीही धुतले तरी पुन्हा भरवशाचे होत नाही. फ्लायव्हीलच्या तोंडावर बोट फिरवून, निळे डाग किंवा चरे आहेत का ते पाहिले. ते साफ होते, तसेच ठेवले. प्रेशर प्लेट मी आग्रहाने म्हणत असूनही बदलली नाही. "अच्छी है, रहने दो," एवढेच उत्तर मिळाले. रिलीज बेअरिंग मात्र हातात फिरवून पाहिले, अजून काही महिने चालले असते, तरी ते बदलले.

मी विचारले, हे चालणारे कशाला काढले? त्यावर त्यांनी जे सांगितले ते मला एखाद्या सुभाषितासारखे वाटले. बेअरिंगची किंमत थोडी, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आज हात पोचला आहे तर बदलून घ्या. म्हणजे नियम असा झाला: जे झिजले ते बदला. जे झिजू लागले आहे आणि जिथे पुन्हा पोचायला फार कष्ट आहेत, तेही बदला. जे धड आहे त्याला हात लावू नका. आणि सगळ्यात आधी, झीज कशामुळे झाली ते शोधा, नाहीतर नवा भागही जुन्याच वाटेने जाईल.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी चाचांच्या शाळेतले आणखी काही धडे इथे देतो. क्लच दाबल्यावर घरघर येत असेल आणि सोडल्यावर थांबत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. उलट, क्लच सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांतता असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक. गिअर टाकताना कचकच होते, पण क्लच घसरत नाही, तर प्लेट पूर्ण सुटत नाही असे समजावे आणि आधी पेडलची मोकळी चाल तपासावी. पुष्कळदा नुसत्या ॲडजस्टमेंटवर काम भागते. गाडी सुटताना सबंध थरथरत असेल तर प्लेटवर तेल आहे का, आणि इंजिनखालची रबरे फाटली आहेत का, हे पाहावे.

इंजिन 'कामाला आले' म्हणजे काय?

गाडी तिथे होतीच, म्हणून मी दुसरे गाऱ्हाणेही मांडले. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा धूर यायचा आणि ओढ कमी झाली होती. दोन जाणकारांनी मला आधीच निदान सांगून टाकले होते, "इंजिन कामाला आलंय. फुल इंजिन करून घ्या." फुल इंजिन म्हणजे बोअर कातणे, नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, सगळ्या बेअरिंगा. म्हणजे एखाद्या लग्नाचा मांडवखर्चच.

चाचांनी चारही स्पार्क प्लग काढले, एकेका भोकाला प्रेशरचा गेज लावला आणि इंजिन स्टार्टरवर फिरवून आकडे खडूने फरशीवर लिहिले. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, एक बराच कमी. मग त्या कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले. आकडा हलला नाही. यामागचे तर्कशास्त्र शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. तेल पिस्टनच्या कडेने पसरून रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. तेल घातल्यावर दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. वाढला नाही तर हवा वरून, म्हणजे व्हॉल्व्हमधून निसटते आहे. निळा धूर फक्त सकाळी येत होता, याचाही अर्थ लागला. रात्रभरात वरचे तेल झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून खाली झिरपते आणि सकाळी जळते. रिंगा गेल्या असत्या तर धूर दिवसभर, विशेषतः जोर लावताना आला असता.

तेव्हा फुल इंजिन राहिले बाजूला. हेड उतरवले, गाइड बदलले, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवे गॅस्केट टाकले. क्रँकच्या बेअरिंगा शाबूत आहेत हे चाचांनी दोन गोष्टींवरून ठरवले. तापलेले इंजिन मंद चालताना तेलाचा दिवा लुकलुकत नव्हता, आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून ऐकले तेव्हा तो जड, खोल 'ठक् ठक्' आवाज नव्हता. वरची बारीक टिकटिक टॅपेटची होती. ती ऐकून ते नुसते हसले.

तेवढी साधी म्हणून

काही वाचक म्हणतील, अशा जुनाट गाडीचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न योग्य आहे. आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी भारतभर गेली आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगला लावलेला गिअरचा दांडा. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा हौशी मंडळी याच फियाटचे इंजिन खुलवून तिला पळवत असत. आपल्या गरीब देशाची ती स्पोर्ट्स कारच म्हणायची! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची तर ती ओळखच होती. उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेखांत तिला निरोप दिला.

ही गाडी आजच्या गाडीपेक्षा चांगली होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात एअरबॅग नाही, तिचा धूर आजच्या गाडीपेक्षा अधिक घाण आहे, आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून तिच्या जुन्या रबरी नळ्यांची आणि पंपाच्या पडद्याची काळजी वेगळीच घ्यावी लागते. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तर 'चालतंय तोवर चालू द्या' हे धोरण मी वेडेपणाचे मानतो. तिथे संशय आला की भाग बदललाच पाहिजे. जुन्याचा मोह हा काही सद्गुण नव्हे.

पण तिच्यात एक गुण आहे. ती उघडून पाहता येते. काय बिघडले, हे डोळ्यांना, कानांना आणि नाकाला सांगते. त्यामुळे निदान करणारा माणूस तिच्यावर घडतो. आजच्या गाडीला संगणक जोडला की पडद्यावर एक क्रमांक येतो. तो क्रमांक उपयोगी असतो, पण तो दोष कुठे दिसला एवढेच सांगतो. दोष कशातून आला हे अजूनही माणसालाच शोधावे लागते. ज्याने कधी शोधलेच नाही, तो क्रमांक पाहतो आणि भाग बदलतो. भाग पुन्हा जातो, तोही पुन्हा बदलतो. माझ्या दोन प्लेटा अशाच गेल्या.

दोष गिऱ्हाइकाचाही

इथवर वाचून गॅरेजवाल्यांना शिव्या देण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. पण काम संपल्यावर चाचांनी हिशेब सांगितला आणि माझी बोलती बंद झाली. सामानाचे पैसे, गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी, हेडची मजुरी. मी विचारले, "आणि शोधून काढण्याचे?" ते म्हणाले, "देखने के पैसे कौन देता साब?"

मला एकदम वीस-बावीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. याच शेडमध्ये चाचांनी तासभर खपून एक आवाज शोधून काढला होता. एक सैल बोल्ट आवळला आणि गाडी ठीक झाली. त्यांनी काहीतरी मामुली रक्कम मागितली होती, आणि मीच म्हणालो होतो, "नुसतं बघितलं तर चाचा, भाग तर काही बदलला नाही!" ते बिचारे गप्प बसले. मी पैसे न देता निघालो, वर चातुर्य दाखवल्याचा आनंदही झाला होता.

आता मला असे वाटते, की रोगाचे मूळ इथे आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, बुद्धीचे देत नाही. डब्यातून नवा भाग निघाला की खिशात हात जातो. तासभर कान लावून ऐकणाऱ्याला मात्र आपण 'नुसतं बघितलं' म्हणतो. मग कारागीर काय करील? त्याला घर चालवायचे आहे. ज्याचे पैसे मिळतात ते तो करील. तो भाग बदलील. प्रामाणिकपणे शोधणाऱ्याला उपाशी ठेवून आपणच भाग बदलणाऱ्यांची पिढी तयार केली आहे. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे पैसे आपण निमूट देतो, रिपोर्ट नॉर्मल आला तर उलट पेढे वाटतो. मग मिस्त्रीने 'इंजिन नॉर्मल आहे' असे सांगितले तर त्याची फी का बुडावी?

सरकारी धोरणाकडेही याच नजरेने पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. २०२१ च्या भंगार धोरणात, दिल्लीचा अपवाद सोडला तर, खासगी गाडीच्या वयापेक्षा तपासणीतल्या प्रकृतीला महत्त्व आहे. तत्त्व म्हणून हे रास्त आहे. पण फी मात्र वयाला लावलेली आहे. २०२२ पासून जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीला पाच हजार रुपये आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी पाटी मिळते. म्हणजे फार म्हातारी असेल तर सन्मान आणि नुसती म्हातारी असेल तर दंड! कडक तपासणी जरूर करा, धूर ओकणारी गाडी खुशाल भंगारात काढा. पण जिचा मालक आणि मिस्त्री मिळून तिला नीट ठेवतात, तिला तपासणीत पास झाल्याबद्दल सवलत का असू नये? वस्तू नीट राखणे हीसुद्धा देशाची बचत आहे.

आपले शहर तर मोटारींचेच शहर आहे. वाळूजला १९८५ पासून स्कूटर आणि मोटारसायकली बनत आल्या, शेंद्र्याला २००१ पासून परदेशी बनावटीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. २०१० साली इथल्या मंडळींनी एकगठ्ठा सुमारे दीडशे मर्सिडीज खरेदी करून देशभर नाव गाजवले. विकत घेणे आपल्याला उत्तम जमते. जोडणेही जमते. झिजलेले ओळखण्याची विद्या मात्र गल्लीतल्या एका शेडमध्ये, एका म्हाताऱ्याच्या नाका-कानांत उरली आहे. चाचांचा मुलगा वाळूजला कारखान्यात आहे. पगार वेळेवर येतो, अंगाला ग्रीस लागत नाही. त्याला मी कोणत्या तोंडाने शेडमध्ये बस म्हणू? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांना आठवड्यातून एक दिवस अशा मिस्त्रींच्या हाताखाली बसवले आणि मिस्त्रींना त्याबद्दल मानधन दिले, तर थोडी तरी विद्या पुढच्या हातात जाईल.

निघताना मी हिशेबापेक्षा वेगळे पैसे काढून पुढे केले आणि म्हणालो, "हे शोधण्याचे. आणि एका जुन्या बोल्टचेही." बोल्टची गोष्ट त्यांना आठवत होती की नाही, कळले नाही. त्यांनी नोटा मोजल्या, निम्म्या परत केल्या आणि म्हणाले, "अब घाट चढ को आओ, फिर बाकी के देना."

पुढच्या शनिवारी घाट चढलो. दर्शन झाले. बाकीचे पैसे परवा देऊन आलो. पोर्चमधला पुठ्ठा मात्र काढून टाकला आहे. आता रोज सकाळी गाडीखालची फरशी पाहतो, मग वर्तमानपत्र.